कॉलेजची गाडी

४ नोव्हेंबर

ही डायरी बॅटरीच्या दुकानदाराने वर्षाच्या सुरुवातीला भेट दिली होती. आजवर कपाटात कोरी पडून होती. आज काढली, कारण दिवसभर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. स्टँडवर कंट्रोलर म्हणून अख्खी नोकरी माईकवर बोलण्यात गेली. अशा माणसाचं तोंड एकदम बंद केलं की ते कुठून तरी बाहेर पडणारच.

बायपास सुरू झाला. आता एकही गाडी गावात येत नाही. सगळ्या बाहेरच्या फाट्यावर थांबतात. थांबतात म्हणजे जरा हळू होतात, आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्याने तेवढ्यात उरकून घ्यायचं. मलाही डेपोच्या साहेबांनी तिथेच बसवलं आहे. पत्र्याची खोली, एक खुर्ची, एक टेबल. गाडी गेली की वेळ टिपायची. माईकचं विचारलं, तर साहेब म्हणाले, "इथे कुणाला सांगणार? बगळ्यांना?" सगळे हसले. मीही हसलो. साहेब हसले की हसावं लागतं.

आमचं घर स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून आहे. स्टँडवरचा भोंगा नेमका आमच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून बसवलेला. लग्न होऊन आल्यापासून ही कुरकुरत आली, "कान किटले माझे. एक दिवस त्या भोंग्यात बोळा कोंबणार आहे." आज घरात शिरताना मोठ्या थाटात म्हटलं, घ्या बाईसाहेब, कोंबला सरकारनं बोळा. मला वाटलं, हसेल. तर म्हणाली, "आज दुपार झालीच नाही का हो?"

दिवे लागायची वेळ झाली होती. भाजी चिरायची राहिली होती आणि ही खिडकीशी बसली होती. माझी फिरकी घ्यायची तिची ही जुनी तऱ्हा आहे. मी भाजी चिरली.

९ नोव्हेंबर

फाट्यावर ऊन, धूळ आणि ट्रक. स्टँडवर खिडकीत बसल्या बसल्या मला अख्ख्या गावाची खबर असायची. कोण दवाखान्यात चाललंय, कोण रुसून माहेरी चाललीय, कोणाची बॅग जाताना होती त्यापेक्षा येताना जड झालीय. आता लोक तोंडाला रुमाल बांधून रस्त्याच्या कडेला उभे राहतात. ओळखीचा माणूससुद्धा ओळखू येत नाही.

कँटीनवाल्याने स्टँडमधली शेगडी अजून चालू ठेवली आहे. जाता-येता मी तिथे चहा घेतो. गिऱ्हाईक मी आणि एक कुत्रा. तो म्हणाला, "भोंगाशेठ, तुमच्या आवाजाशिवाय चहाला उकळी येत नाही बघा." गावात मला भोंगा म्हणतात, समोर भोंगाशेठ. वाईट वाटून घेण्याचे दिवस कधीच मागे पडले.

आमच्या गाड्यांची नावं पाटीवर वेगळी आणि लोकांच्या तोंडी वेगळी. दुधाची गाडी, कोर्टाची गाडी, दवाखान्याची गाडी, कॉलेजची गाडी आणि अंधार पडता येणारी मुक्कामी. मी माईकवरही हीच नावं घ्यायचो. त्याबद्दल वरून एकदा कानउघाडणी झाली होती. पण पाटीवरच्या नावाने पुकारलं तर लोक बसून राहायचे आणि गाडी निघून जायची, मग मी तरी काय करणार?

कॉलेजची गाडी दुपार कलताना यायची. आमची लेक याच गाडीने कॉलेजातून परत यायची. मी पुकारलं, "कॉलेजची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," की ही चहा टाकायची. लेक भिंतीला वळसा घालून दारात येईपर्यंत चहा गाळून तयार. गाडी उशिरा असेल तर तेही मी सांगायचो, मग ही गॅस बारीक करून ठेवायची. लेकीला नोकरी लागून, लग्न होऊन ती शहरात गेली त्याला आता किती काळ लोटला. जावई जहाजावर असतात, वर्षातले निम्मे महिने ती एकटीच. तरी हिने दुपारच्या चहाची वेळ बदलली नाही.

आज दुपारी दूध उतू गेलं, गॅस विझला, सगळ्या घरात वास. शेजारच्या शिंपीणकाकूंनी येऊन बंद केला. मी चांगलाच तडकलो. ही नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी लागली का?"

या बायपासने बायकांचंही लक्ष उडवलंय.

१७ नोव्हेंबर

आज आमच्या घरी कृती समितीची बैठक झाली. अध्यक्ष रिटायर हेडमास्तर, सचिव मी. गाड्या गावातून गेल्याच पाहिजेत, ही एकच मागणी. हेडमास्तर गेल्या आठवड्यात साहेबांना भेटून आले, तर साहेबांनी त्यांना विचारलं म्हणे, "मुळात तुमचं हे गाव आहे की शहर, ते एकदा ठरवा. गाव असेल तर फाटा पुरे. शहर असेल तर सिद्ध करा."

झालं. त्यावरच दिवस गेला. हेडमास्तर म्हणाले, जिथे कोर्ट आणि हायस्कूल आहे ते शहर. न्हावी म्हणाला, जिथे दाढीला नंबर लावावा लागतो ते शहर. मग म्हणाला, म्हणजे आपलं होतं, आता नाही. कँटीनवाल्याचं म्हणणं, एकाच्या चहात माशी निघाली तर भांडून दुसरीकडे चहा प्यायला जाता येतं, ते शहर. आपल्याकडे माशी काढून तोच प्यावा लागतो. हसून हसून पुरेवाट झाली. थिएटरवाला मात्र हसला नाही. त्याच्या थिएटरात आता सिमेंटची पोती ठेवतात.

चहा घेऊन ही बाहेर आली आणि ट्रे धरून उभी राहिली. म्हणाली, "जिथं कुणी उतरतं, ते गाव. बाकी नुसता रस्ता."

हेडमास्तर म्हणाले, "वहिनी, हे निवेदनात घालतो." मला छाती फुगल्यासारखं झालं. बघा, उगाच हिची काळजी करत होतो. डोकं अगदी जागेवर आहे. चहात तेवढी साखर नव्हती.

२५ नोव्हेंबर

लेकीचा फोन. आधी हिच्याशी बोलली, मग मला म्हणाली, "बाबा, जरा बाहेर जाऊन बोला." गेलो. म्हणाली, "आई मला अहो-जाहो करत होती. तुम्ही कुठून बोलताय, असं विचारलं तिनं मला."

मी म्हटलं, लाईन खराब असेल.

"लाईन नाही हो, बाबा. तिला डॉक्टरांकडे न्या."

म्हटलं, नेतो. पण सध्या समितीचं काम ऐन रंगात आहे. साहेब पंधरवड्यात पाहणीला येणार आहेत. एकदा गाड्या सुरू झाल्या की दवाखान्याच्या गाडीनेच नेईन. हिला फाट्यावर धुळीत उभं करायला माझं मन धजत नाही.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. कशाची ते लिहीत नाही.

हल्ली ही सकाळी अंघोळ करून पुन्हा अंघोळीला जाते. काल रात्रीची भांडी घासून पुन्हा घासली. मी ओरडलो की गप्प होते आणि भिंतीपलीकडे कान लावल्यासारखी उभी राहते.

८ डिसेंबर

ठरलं! चार दिवसांनी साहेब येणार. त्या दिवसापुरती एक गाडी गावातून वळवणार आहेत. स्टँडवर प्रवासी दिसले तर पुढचा विचार. आणि गाडी कुठली, तर कॉलेजची! माईकही त्या दिवसापुरता सुरू करायला परवानगी मिळाली. मी स्टँडवरच्या खोलीतली धूळ झटकली, माईकच्या डोक्यावरचा फडका धुतला. घसा बसू नये म्हणून आजपासून आंबट बंद.

हेडमास्तरांनी गल्लोगल्ली निरोप धाडला आहे. ज्याने त्याने पिशवी, बॅग, वळकटी, जे असेल ते घेऊन यावं. स्टँड भरलेला दिसला पाहिजे.

हिला सांगितलं. इतकी खूश झाली! म्हणाली, "मग आता सगळं नीट होईल."

१२ डिसेंबर

लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

असा स्टँड मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मुंगीला शिरायला जागा नव्हती. न्हावी दुकान बंद करून आला, कोर्टातले वकील काळ्या कोटात आले, शिंपीणकाकू शिलाई मशीनचं झाकण कापडात गुंडाळून घेऊन आल्या. थिएटरवाल्याने तर ट्रंक आणली, आत जुनी तिकिटं. साहेब उतरले आणि बघतच राहिले. म्हणाले, "एवढी माणसं आहेत तुमच्याकडे?"

मी माईक हातात घेतला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कॉलेजची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." माझाच आवाज भिंतींवर आपटून परत माझ्याकडे आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायकांनी डोळे पुसले.

गाडी आली. दार उघडलं. कुणीच उतरलं नाही. उतरणार तरी कोण, गाडी आज गावातून जाणार हे बाहेरच्या कुणाला ठाऊक?

कंडक्टर ओरडला, "चला, बसा."

आणि कुणीही बसलं नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पिशव्या आणा, असं सांगितलं होतं. बसा, असं कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी जाणार आहे, आपण आपली गर्दी. हेडमास्तर पुढे झाले आणि माघारी फिरले, त्यांची रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती. न्हाव्याने एक पाय पायरीवर ठेवला आणि कंडक्टरला विचारलं, "परत कधी येते?" कंडक्टर म्हणाला, "परत येत नाही. आजच्यापुरतीच आहे." त्याने पाय काढून घेतला.

त्या शांततेत मागच्या फाटकातून ही आली. घरच्या साडीत, पदराला ओले हात पुसत. गर्दीने तिला वाट दिली. तिने पहिल्या खिडकीतून आत पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. टाचा उंचावून एकेक खिडकी पाहत ती गाडीच्या शेवटापर्यंत गेली. मग कंडक्टरला म्हणाली, "आमची मुलगी आहे का आत? झोपली असेल. तिला गाडीत झोप लागते."

कंडक्टरने रिकाम्या गाडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांनीही.

मी माईक बंद करायला विसरलो होतो. तिला हाक मारली ती भोंग्यातून गेली. सगळ्या गावाने ऐकली. घरी येऊन मी तिला वाटेल ते बोललो. चारचौघांत शोभा केलीस म्हणालो. ती गॅसजवळ गेली. चहाचं भांडं जळून कोळसा झालं होतं. त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलंत, गाडी लागली म्हणून."

१३ डिसेंबर

साहेबांचा फोन आला. आवाजात नेहमीचा चढेलपणा नव्हता. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पण आमचं काम माणसं नेण्या-आणण्याचं आहे. निरोप समारंभाचं नाही." स्टँडची जागा दुसऱ्या खात्याकडे जाणार. महिनाअखेर भोंगा उतरवणार.

हेडमास्तर आले होते. अंगणात बसले, उठले, पुन्हा बसले. शेवटी म्हणाले, "आपण बसायला हवं होतं हो. निदान मी तरी बसायला हवं होतं." मला त्यांना चहा विचारायचंही सुचलं नाही.

२० डिसेंबर

आज मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी पत्र्याच्या खोलीत बसलो होतो. समोरच्या रस्त्याच्या अगदी मधोमध कुणी बाई उभी. एका हातात मिटलेली छत्री, दुसरा हात वर करून येणारा ट्रक थांबवतेय. मला वाटलं, कोण ही वेडी. मला खरंच असं वाटलं. मग पदर ओळखीचा वाटला.

कसा धावलो, ठाऊक नाही. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, ट्रक तिरका होऊन थांबला, मागचे हॉर्न किंचाळायला लागले. ट्रकवाला खाली उतरून आईमाईवरून बोलणार होता, पण तिचं तोंड पाहून गप्प झाला. त्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली.

गाड्या आता फाट्यावर थांबतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. म्हणून उन्हातून चालत आली, लेकीला ऊन लागेल म्हणून छत्री घेऊन. एका पायात तिची चप्पल होती, एका पायात माझी.

मी तिला खोलीत आणून खुर्चीवर बसवलं. तिने इकडे तिकडे पाहिलं. "इथं माईक कुठंय?" म्हणाली. मी म्हटलं, नाही इथे. त्यावर ती लहान मुलासारखी रडली. "मग मला कळणार कसं हो, आता काय करायचं ते?"

संध्याकाळी लेकीला फोन केला. फक्त म्हणालो, ये.

२२ डिसेंबर

लेक आली. हिने दार उघडलं आणि म्हणाली, "या ना, बसा. हे आता येतीलच."

लेक हसली. मला वाटलं, आता रडेल, पण हसली आणि बसली. हिने तिला पाणी दिलं, कुठून आलात विचारलं, प्रवास नीट झाला ना विचारलं. लेकीने सगळ्याची उत्तरं दिली. मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून ठेवला. नळ पुष्कळ वेळ चालू होता.

दुपारी रिक्षा ठरवून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "हे आजचं दुखणं नाही. दोन-तीन वर्षं तरी चालू असणार. घरात कुणाच्या कसं लक्षात आलं नाही?"

मी म्हटलं, अहो, बायपास होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. स्वयंपाक वेळेवर, पाणी भरणं वेळेवर, चहा वेळेवर. घड्याळ लावावं अशी होती. डॉक्टरांना काही कळलं नाही. लेकीला कळलं. रिक्षात ती माझा हात धरून म्हणाली, "बाबा, आई तुमच्या आवाजावर दिवस काढत होती. दुधाची गाडी म्हणालात की उठायचं, कोर्टाची म्हणालात की कुकर लावायचा, कॉलेजची म्हणालात की चहा. तिला बाकी काही लक्षात ठेवावं लागतच नव्हतं."

रिक्षा चालत होती. मी बाहेर बघत होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, मी प्रवाशांना सांगतोय. त्यातल्या निम्म्यांचं तर लक्षही नसायचं. भिंतीपलीकडे एक बाई माझा शब्द न् शब्द ऐकत होती, आणि कान किटले म्हणत होती.

२९ डिसेंबर

उद्या भोंगा उतरवायला माणसं येणार. परवा आम्ही निघणार, लेकीकडे. साठलेली सगळी रजा टाकली आहे. कायमचं का, असं शिंपीणकाकूंनी विचारलं. मी म्हटलं, बघू. बघण्यासारखं काही नाही, पण असं म्हणायचं असतं.

दुपार कलल्यावर मी स्टँडवर गेलो. कँटीनवाला शेगडी विझवून भांडी पोत्यात भरत होता. मी माईक सुरू केला आणि शेवटचं पुकारलं. कॉलेजची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. फलाटावर फक्त कुत्रा होता, त्याने कान टवकारले.

तेव्हा घरात काय झालं ते लेकीने सांगितलं. ही पडून होती ती झटकन उठली. पदर खोचला, भांडं ठेवलं, साखर मोजून घातली, काही म्हणजे काही चुकलं नाही. लेक शेजारी उभी होती. तिला म्हणाली, "बाजूला व्हा हं जरा. माझी मुलगी येतेय." लेक म्हणाली, "आई, मीच ती." त्यावर हिने तिच्या गालाला हात लावला, समजूत काढावी तसा, आणि दाराकडे बघत राहिली.

मी घरी पोचलो तेव्हा चहा गार झाला होता. तिघांनी तो तसाच प्यायला.

१९ जानेवारी

लेकीचं घर सातव्या मजल्यावर आहे. खाली गाड्याच गाड्या, पण कुणी पुकारत नाही. लेक सकाळी कामावर जाते ती दिवे लागल्यावर येते. हिला इथे दिवसाचं तोंड सापडत नाही. सकाळी निजते, दुपारी दात घासते. लेकीला शाळेतल्या बाई समजते आणि फार अदबीने वागते.

आज दुपारी दाराची कडी काढायला लागली. "पोर येऊन बाहेर उभी राहील," म्हणाली. किती समजावलं, ऐकेना. माझा हात झटकला. तिच्या अंगात इतकी ताकद कुठून आली, कोण जाणे.

मग मी न्हाणीघरात गेलो. बादली उचलली, तोंडाशी धरली. शेजारीपाजारी काय म्हणतील ते म्हणोत. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. कॉलेजची गाडी काही कारणाने उशिराने धावत आहे. प्रवाशांनी सहकार्य करावे."

बादलीतला आवाज अगदी आमच्या भोंग्यासारखा. फरशीवर घुमला.

बाहेर आलो. ही कडी सोडून खुर्चीत बसली होती. "उशीर आहे वाटतं," म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बारीक केला. त्यावर भांडं नव्हतं, तरी बारीक केला.

संध्याकाळपर्यंत अधूनमधून पुकारत राहिलो. मग लिफ्टचा आवाज आला, लेकीच्या सँडलचा आवाज ओळखला, आणि धावत जाऊन म्हटलं, "फलाट क्रमांक दोनवर लागत आहे."

लेक आत आली. खांद्यावर पिशवी, केस विस्कटलेले. ही चहाचा चमचा हातात घेऊनच बाहेर आली. "आलीस? किती गं उशीर!"

लेक दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बादली घेऊन उभा.

"हो आई," ती म्हणाली. "गाडी उशिरा आली."

"मग तू तरी काय करणार. जा, पाय धू. चहा होतोय."

हिने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पिशवी उतरवून घेतली. रात्री लेक मला म्हणाली, "बाबा, मी लवकर निघायचा प्रयत्न करत जाईन." मी म्हटलं, तू जमेल तेव्हा ये. गाडी मी पुकारेन तेव्हाच लागणार आहे.

२ फेब्रुवारी

रोज जमतंच असं नाही. मी पुकारतो, ही चहा टाकते, लेक येते. कधी ओळख पटते, कधी नाही. या आठवड्यात एकदाही पटली नाही.

आज गाडी लागली, लेक आत आली. हिने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही याच गाडीनं आलात का? आमची मुलगी दिसली का आत?"

लेकीने पिशवी खाली ठेवली. मी न्हाणीघराच्या दारात होतो, मला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"हो काकू," ती म्हणाली. "मागच्या सीटवर बसली होती. उतरतेच आहे."

"बरं झालं बाई सांगितलंत," ही म्हणाली. "बसा, चहा घ्या. लांबून आलात."

आम्ही तिघांनी चहा घेतला. चौथा कप हिने बशीने झाकून ठेवला.